कर्ज थकलंय, गुन्हा केलेला नाही

धारा काढून झाल्या असतील, तव्यावर भाकरी असेल, तर काम सोडू नका. हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या.

कर्ज कसं मिळवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते फिटेनासं झालं तर काय करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत. गावोगाव बैठका घेताना आम्हाला तीन प्रश्न हटकून विचारले जातात. तेही बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात. "हप्ता थकला तर पोलीस नेतील का?" "घरातलं उचलून नेतील का?" आणि तिसरा, "कोर्टात दिवाळं काढलं की सगळं कर्ज सुटतं म्हणतात, खरं का?"

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे प्रश्न नवे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, २०२० मध्ये टाळेबंदी झाली, २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात शिरलं. दुकान बंद, माग बंद, गोठा रिकामा. हप्त्याचा वार मात्र चुकला नाही. तेव्हा मायक्रोफायनान्सच्या वसुलीविरुद्ध आपल्याच बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. मोर्चात शंभरजणी असतात. घरी दार वाजतं तेव्हा बाई एकटी असते. आजचं बोलणं त्या एकटीसाठी आहे.

पोलीस नेतील का?

नाही. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. सावकाराने किंवा कंपनीने कोर्टात दावा जिंकला, तरीही पैशाच्या वसुलीसाठी बाईला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. "उद्या पोलीस घेऊन येतो" असं कोणी दारात म्हणालं, तर ती धमकी समजा.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. तुम्ही दिलेला चेक परत गेला, तर ती फौजदारी केस होऊ शकते. तशी नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, तेव्हा ती फडताळात ठेवून देऊ नका. दुसरी गोष्ट, खोटी कागदपत्रं देऊन कर्ज काढलं असेल तर ती फसवणूक ठरते, तिला हे संरक्षण नाही.

घरातलं उचलून नेतील का?

कोर्टाचा हुकूमनामा झाला तर जप्ती येऊ शकते. पण कायद्याने काही वस्तू जप्तीतून बाजूला ठेवल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं, बी-बियाणं, आणि शेतकरी स्वतः राहतो ते घर. हे सगळं कलम ६० मध्ये आहे. मात्र तेच घर किंवा जमीन तुम्ही कर्जासाठी गहाण दिली असेल, सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल, तर त्या कर्जापुरती ही सूट मिळत नाही.

आणि हुकूमनामा नसताना, वसुलीला आलेला माणूस गॅसची टाकी, शिलाई मशीन किंवा म्हैस घेऊन जाऊ शकत नाही.

आधी वही काढा

आता एक घर मनात धरू. बाई आम्ही कल्पनेने उभी केली आहे, पण तिचं कर्ज तुमच्या ओळखीचं असेल. दोन म्हशी, वीस गुंठे ऊस, नवरा मजुरीला. म्हशीसाठी एका फायनान्सचा हप्ता. तो भरायला दुसऱ्या फायनान्सचं कर्ज. पतसंस्थेत दिराला जामीन. आणि दवाखान्याच्या वेळी गावातल्या एकाकडून महिना दहा टक्क्याने घेतलेले ५० हजार.

तिच्या डोक्यात हे सगळं मिळून एकच मोठं ओझं आहे. वहीत लिहिलं की ती चार वेगवेगळी कर्जं होतात, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा, दाद मागायची जागा वेगळी. म्हणून पहिलं काम वकिलाचं नाही, वहीचं आहे. कोणाकडून घेतलं, कधी, किती, किती भरले, किती राहिले, तारण काय, सही कोणाची. पावत्या, कर्जाचं कार्ड, फोनवरून पाठवलेल्या पैशांचे मेसेज, सगळं एका पिशवीत घाला.

फायनान्सचं कर्ज. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारणी कर्ज त्यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे घरात महिन्याला १६ हजार येत असतील, तर सगळे हप्ते मिळून ८ हजार. त्यापुढे कर्ज देणाऱ्याचीही चूक आहे, एकट्या बाईची नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, पै-पाहुण्यांना त्रास, थकलेल्यांची नावं जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची. बाई तिथं लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी यायचं. दंड लावला तर तो थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे.

नियम मोडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. चौकशीचा फोन नंबर १४४४८.

पतसंस्था आणि सोसायटी. इथं नोटीस कोर्टाकडून नाही, सहायक निबंधकांच्या कार्यालयातून येते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिथं वसुली दाखला मिळतो आणि त्यावर थेट जप्ती निघू शकते. म्हणून "कोर्टाची नाही ना" म्हणून ही नोटीस टाकून देऊ नका. तारखेला जा, हिशेब मागा, म्हणणं लेखी द्या. आणि जामीनदार असाल तर ध्यानात ठेवा, संस्था कर्जदाराला सोडून थेट तुमच्या मागे येऊ शकते. "सही करा वहिनी, नुसती सही तर आहे" हे वाक्य फार महागात पडतं.

गावातला सावकार. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, तारण नसेल तर १२ टक्के; बाकीच्यांकडून १५ आणि १८ टक्के, हीच मर्यादा. व्याजावर व्याज नाही, आणि व्याज कितीही साचलं तरी मुद्दलाच्या वर घेता येत नाही. आपल्या बाईचा हिशेब करा. ५० हजारांवर कायद्याने वर्षाचं व्याज होतं ६ हजार. ती दर महिन्याला ५ हजार देते आहे. दहा महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज गेलं, आणि मुद्दल जागच्या जागी!

कर्जापोटी जमीन सावकाराने खरेदीखत करून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. तक्रार तालुक्याला सहायक निबंधक किंवा कोल्हापूरला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. वेळ लागतो, पुरावा लागतो. म्हणूनच ती पिशवी.

नवऱ्याच्या मागे राहिलेलं कर्ज. नवरा वारला तर त्याचं कर्ज बायकोने स्वतःच्या मजुरीतून फेडावं असा कायदा नाही. त्याची जी मालमत्ता वारसाने हातात आली, तेवढ्यापुरतीच वसुली होते. तुमची सही कर्जदार किंवा जामीनदार म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. दुखवट्याच्या दिवसांत नव्या कागदावर सही करू नका.

दिवाळं काढलं की कर्ज सुटतं का?

आता तिसरा प्रश्न. कायद्यात याला नादारी म्हणतात. २०१६ च्या नव्या कायद्यात गरिबांसाठी सोपी वाट लिहिलेली आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, अशांना नव्याने सुरुवात करता यावी म्हणून. पण तो भाग आपल्यासारख्या सामान्य कर्जदारांसाठी अजून लागू केलेला नाही. त्यामुळे कोल्हापुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. कर्ज ५०० रुपये किंवा जास्त असेल आणि फेडण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

कोर्टाने नादार ठरवलं, की तुमची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. ती विकून सावकारांना वाटणी होते. कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी सुटी वसुली करू शकत नाही. पुढे कोर्टाने मुक्तता दिली की बहुतेक जुनी कर्जं संपतात. मघाशी सांगितलेली भांडी, अवजारं, जनावरं इथंही वाचतात.

पण किंमत समजून घ्या. गहाण ठेवलेली जमीन वाचत नाही. सरकारी देणं आणि फसवणुकीचं देणं सुटत नाही. तुमचा जामीनदार सुटत नाही. तुमच्यासाठी सही केलेल्या जावेच्या दारात लोक जातील. नादार असताना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आणि अर्जाच्या आधी घाईने जमीन भावाच्या नावावर केली, तर दोन वर्षांच्या आतला तसला व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं. नादारी ही खरी वाट आहे, पण शेवटची. बहुतेक घरांचं काम त्याआधीच तडजोडीने भागतं.

वकील फुकट मिळतो, तोही हक्काने

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आणि कोल्हापूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक लिहून घेतात. आधार कार्डाची नक्कल, आलेली नोटीस आणि आपली वही बरोबर न्या. फोन नंबर आहे १५१००. पुन्हा सांगतो, पंधरा, एक, शून्य, शून्य.

तिथूनच लोकअदालतीची वाट आहे. दावा दाखल व्हायच्या आधीही प्रकरण तिथं ठेवता येतं. फी नाही. हप्ते लहान करून घेणं, दंड-व्याज सोडवून घेणं, एकरकमी तडजोड, हे तिथं बोलता येतं. पण लोकअदालतीचा निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून दर महिन्याला खरंच किती झेपेल ते घरी मोजून जा, आणि तेवढ्यालाच हो म्हणा. फेड झाली की येणे-बाकी नसल्याचा दाखला घ्या, कोरे चेक आणि स्टँप परत मागा.

एक सावधगिरी. "दोन हजार भरा, फॉर्म भरतो, सगळं कर्ज माफ" असं सांगणारे गावात फिरतात. सरकारने खरंच माफी केली तर ती जाहीर होते, आणि मोफत वकिलाला दलाल लागत नाही. अशा फॉर्मच्या भरवशावर हप्ते बंद केलेल्या बायांची थकबाकीच वाढते.

शेवटचं, गटातल्या बायांसाठी

एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांना रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात. मग आपणच तिच्या दारात जातो, तिला वाट्टेल ते बोलतो. काल जिच्याकडून विरजण आणलं, तिच्याशी आज बोलणं बंद. हे आम्हीही केलेलं आहे, आणि त्याची लाज वाटते.

तर एवढं करा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या कर्जाची वही आणायची. जिला लिहिता येत नाही तिची दुसरीने लिहायची. जिच्या घरी नोटीस आली आहे, तिच्याबरोबर दोघीजणींनी तालुक्याच्या कोर्टात जायचं. एसटीने जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. बाजाराच्या दिवशी गेलात तर भाजीही होईल.

नंबर लिहून घेतला ना? १५१००. तव्यावरची भाकरी बघा आता. पुढच्या आठवड्यात भेटू.