मागाचा वेग आणि खोळंब्याचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय आहे, 'आजच्या कारखानदारीपुढील अडचणी आणि नवी यंत्रविद्या'. विषयाचा पन्हा फार मोठा आहे. मोटारी, औषधे, साखर, सिमेंट ह्या सर्वांवर एका संध्याकाळी बोलू गेलो तर कशावरच बोलणे होणार नाही. मी कामगारांचे काम करतो ते इचलकरंजीत. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्या एका मागाच्या मागे पुढे सारे गाव उभे राहिले. तेव्हा मी एकच यंत्र घेतो, ते म्हणजे माग. आपणा सर्वांच्या अंगावर त्याचे काम आहे; पण तो चालताना जवळ उभे राहून पाहणारे आपल्यात थोडेच असतील.

कापड होते कसे ते आधी पाहू. लांबीचे उभे धागे म्हणजे ताणा, आणि आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली राहतात, मध्ये एक फट उघडते. त्या फटीतून बाणा पलीकडे जातो, फणी त्याला ठोकून जागेवर बसवते, आणि मग वरचे धागे खाली व खालचे वर होतात. एवढेच. आजीच्या हातमागावर हेच होते आणि लाखो रुपयांच्या नव्या यंत्रावरही हेच होते. गेल्या तीनशे वर्षांत शोधकांनी मुख्यतः ज्या एका गोष्टीशी झुंज घेतली ती म्हणजे बाणा ह्या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचा कसा.

जुन्या मागावर हे काम धोटा करतो. धोटा म्हणजे लाकडी नाव, तिच्या पोटात सुताची कांडी. आता थोडे वजन करून पाहू. ३० नंबरच्या सुताचा दीड मीटर धागा भरतो सुमारे ०.०३ ग्रॅम. तेवढा धागा पलीकडे पोचवण्यासाठी कांडीसकट जो धोटा फेकायचा त्याचे वजन पाव ते अर्धा किलो. म्हणजे मालापेक्षा गाडी दहा हजार पटींनी जड! एका पोस्टकार्डासाठी आगगाडी सोडावी तसा हा प्रकार आहे. बरे, धोटा नुसता फेकून भागत नाही. पलीकडे त्याला थोपवायचा, आणि पुन्हा उलट फेकायचा. साधा यंत्रमाग हे मिनिटाला १२० ते १५० वेळा करतो. मागाच्या शेडमधून जो कडकडाट ऐकू येतो तो बव्हंशी ह्या फेकण्याचा आणि थोपवण्याचा आहे. जुना विणकर बोलताना आवाज चढवून का बोलतो, ह्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधू नका, त्याच्या कानात शोधा. आणि धोटा वाट चुकून मागाबाहेर उडाला तर समोरच्याचे काय होते हे आमच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही.

इंग्लंडात जॉन के ह्याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला, आणि रुंद कापडाला दोन माणसे लागत तेथे एक पुरू लागला. १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. अमेरिकेत १८९४ च्या सुमारास नॉर्थ्रॉपचा माग बाजारात आला. त्यात रिकामी कांडी आपोआप बदलू लागली. पण धोटा तो धोटाच. त्याला पहिला मोठा शह मिळाला तो स्वित्झर्लंडात. सुल्झर कंपनीने १९५३ पासून विकायला काढलेल्या मागात धोट्याच्या जागी एक लहानशी पोलादी गोळी आली. वजन ४० ग्रॅम. ती कांडी वाहून नेत नाही. धाग्याचे टोक दातात धरते आणि पलीकडे जाते. रेपिअर मागात दोन्हीकडून दोन चिमटे येतात आणि मध्यावर धागा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. शेवटची पायरी एअरजेटची. तेथे धोटा नाही, गोळी नाही, चिमटा नाही. दाबलेल्या हवेचा फवारा धाग्याला उडवत नेतो, वाटेत ओळीने बसवलेल्या नळ्या त्याला पुढे पुढे फुंकर घालतात. वाहन संपले, नुसता माल राहिला.

(जाता जाता काठाविषयी. धोट्याचा धागा काठापाशी वळून परत येतो, म्हणून जुन्या कापडाचा काठ अखंड असतो. नव्या मागावर प्रत्येक बाणा दोन्हीकडे कापला जातो. काठाला वेगळी वीण घालून बांधावे लागते, आणि बाजूला झालरीसारखी चिंधी निघते. कापडाच्या दुकानात काठ उलगडून पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हे कधीच ओळखले असेल.)

आता वेगाचा हिशेब. आमच्याकडे कापडाची जात 'पीक' मोजून सांगतात. पीक म्हणजे एका इंचात बसलेले आडवे धागे. ५२ पिकाचे कापड घ्या. एका मीटरमध्ये सुमारे २,०४७ आडवे धागे झाले. साधा माग मिनिटाला १३० धागे घालत असेल तर एक मीटर विणायला पावणेसोळा मिनिटे. बारा तासांची पाळी हा मागांच्या गावांचा रिवाज आहे. तेवढ्या वेळात, एकदाही न थांबता, एका मागावर साधारण ४६ मीटर. एअरजेट मिनिटाला ७०० धागे घालतो असे धरा, त्याहून जास्तही घालतो, तर तेवढ्याच वेळात २४६ मीटर. एक माग पाच मागांना भारी पडला. शिवाय जुन्या मागांपैकी एक कामगार चार, सहा, कोठे आठ सांभाळतो. नव्या शेडमध्ये त्याच्याकडे डझनभर किंवा अधिक माग असतात.

'एकदाही न थांबता' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण सगळी मेख तेथेच आहे. माग थांबतोच. धागा तुटतो, वीज जाते, बीम संपते. साधा माग एक मिनिट थांबला तर १३० धागे बुडाले. एअरजेट एक मिनिट थांबला तर ७०० बुडाले. वर त्याचे कर्जाचे हप्ते चालूच आहेत आणि हवा दाबणारा कॉम्प्रेसर वीज पीतच आहे. वेग जसा वाढतो तशी खोळंब्याची किंमत वाढते. आजच्या कापड कारखानदाराच्या बहुतेक साऱ्या अडचणी आणि त्याने आणलेली बहुतेक सारी नवी यंत्रे ह्या एका वाक्यातून उलगडतात.

खोळंबा नको तर सूत एकसारखे पाहिजे. गाठाळ, कच्च्या सुताचा धागा साध्या मागावर तुटला तर कामगार निमूटपणे गाठ मारतो. एअरजेटला तसले सूत झेपतच नाही. ताण्याला खळ देणारे सायझिंग नीट पाहिजे, शेडमधला दमटपणा राखायला पाहिजे, वीज न झटकता मिळायला पाहिजे. म्हणजे माग बदलला की मागामागची सारी साखळी बदलावी लागते. मोठ्या भांडवलवाल्याला हे जमते. आमच्या गावात मात्र 'खर्चीवाला' नावाचा एक वर्ग आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. ह्याचे फक्त माग आणि शेड, आणि मीटरमागे मिळणारी खर्ची. तो मालक म्हणवतो, पण सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा नाही आणि विजेचाही नाही. नव्या मागाला लागणारे लाखो रुपये तो कोठून आणणार? १९९९ पासून केंद्र सरकारने यंत्रसामग्री सुधारण्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत देणारी योजना चालवली. जो बँकेच्या दारात उभा राहू शकत होता त्याला ती पावली. बाकीच्यांपैकी कित्येकांनी परदेशांतून निघालेले जुने बिनधोट्याचे माग घेतले, कित्येकांनी साधे माग भंगारात किलोवर घातले.

मग प्रश्न पडेल की साधा माग इतका मागासलेला असताना इतकी वर्षे टिकला कसा? नुसता टिकला नाही, त्याने गिरण्यांना मागे टाकले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या काळात आणि त्याच्या आधीपासूनही विणाईचे काम भिवंडीसारख्या गावांकडे वळत होते. तेथले माग गिरण्यांतल्या मागांहून नवे नव्हते. काही तर गिरण्यांनीच मोडीत काढलेले होते. पण तेथे हजेरीपट नव्हता, फंड नव्हता, रजा नव्हती. जुन्या यंत्राने नव्या यंत्राला हरवले ते स्वस्त मजुरीच्या बळावर. यंत्रविद्या आपल्या पायांनी पुढेच जात असते असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर डोळ्यांसमोर ठेवावा. माणूस स्वस्त असला की यंत्र सुधारण्याची घाई कोणालाच नसते.

खोळंब्याशी लढण्याची दुसरी वाट जपानच्या साकिची तोयोदा ह्याने दाखवली. १९२४ साली त्याने जो स्वयंचलित माग सिद्ध केला तो धागा तुटताच आपोआप थांबे. ऐकायला साधे वाटते. परंतु साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग तसाच धावतो, आणि कामगाराची नजर पडेपर्यंत कापडात चूक विणली जाते. म्हणून कामगाराला प्रत्येक मागावर डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. यंत्र स्वतः थांबू लागले की पाहण्याचे काम उरत नाही, सांधण्याचे तेवढे उरते. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या मागाचे हक्क विकत घेतले. यंत्रमागाच्या मायदेशाने पूर्वेकडून माग शिकावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तोयोदा घराण्याचा मोटारीचा धंदाही ह्याच मागाच्या कारखान्यातून निघाला. आपल्या सरकारने २०१३ च्या अखेरीपासून साध्या मागांना जी सुधारणेची जोड देऊ केली, तिच्यात ताणा किंवा बाणा तुटल्यावर माग थांबवणारी साधने होती. तोयोदानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी!

आजचा माग आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. तो थांबतो, आणि का थांबला ते लिहून ठेवतो. ताणा तुटून किती वेळा, बाण्यामुळे किती वेळा, बाकी कारणाने किती वेळा, आणि प्रत्येक वेळी किती मिनिटे. मालक घरी बसून हा हिशेब फोनवर पाहू शकतो. कामगारांना ह्याचा धाक वाटतो. वाटणारच, कारण पाणी प्यायला गेलेला वेळही त्यात दिसतो. परंतु मला ह्या नोंदीत कामगाराच्या कामाची एक चीज दिसते, आणि ती समजण्यासाठी मजुरीची रीत पाहिली पाहिजे.

यंत्रमागावर मजुरी ठरते मीटरवर, पिकाप्रमाणे. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. सूत वाईट निघाले म्हणून माग दिवसभर थांबत राहिला तर नुकसान कोणाचे? सूत कामगाराने आणले नाही, खळ त्याने दिली नाही, पण घरी कमी पैसे घेऊन जातो तो. भांडण दिवाणजीसमोर गेले की मालक म्हणतो तू झोपलास, कामगार म्हणतो बीम खराब. शब्दाला शब्द, आणि अशा वेळी कोणाचा शब्द खरा ठरतो हे आपण जाणता. नव्या शेडमध्ये आता तिसरा साक्षीदार उभा आहे. नवे बीम चढवल्यापासून ताणा तुटण्याचे आकडे एकाएकी दुप्पट झाले, तर दोष विणकराचा नव्हे, सायझिंगचा किंवा सुताचा, हे यंत्रच सांगते. म्हणून वाटाघाटीत आम्ही मागतो ते असे: पाळी संपताना ह्या नोंदीची एक प्रत कामगाराच्या हातात पडावी, आणि सुताच्या वा खळीच्या दोषाने झालेला खोळंबा त्याच्या मजुरीतून कापू नये.

एकाने किती माग सांभाळायचे हा वादही नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत दोनाऐवजी तीन माग चालवा असे विणकरांना सांगण्यात आले, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. त्या संपाच्या संयुक्त समितीत नारायण मल्हार जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे असे परस्परांहून अगदी भिन्न वळणाचे पुढारी एकत्र बसले होते. पुढे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांनी मिळून यांत्रिकीकरणाची तत्त्वे मान्य केली: असलेल्या कामगाराची नोकरी वा कमाई जाऊ नये, फायदा समाज, मालक आणि कामगार ह्यांच्यात न्यायाने वाटला जावा, आणि कामाचा भार दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी मोजावा. कामगारकपात होण्याजोगा यांत्रिक बदल करण्यापूर्वी नोटीस द्यावी ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आली.

तत्त्वे चांगलीच आहेत. पण ती हजेरीपटावरच्या माणसासाठी आहेत. बिनधोट्याच्या मागाला सूत थेट कोनावरून मिळते. त्याला कांडी लागत नाही. म्हणजे धोटा गेला त्या दिवशी कांडी भरण्याचे कामही गेले. कित्येक ठिकाणी हे काम बायका करतात, नगावर, आणि त्यांचे नाव कोणत्याही पटावर नसते. त्यांना कोणी काढून टाकत नाही. उद्यापासून कांड्या लागणार नाहीत एवढेच सांगितले जाते. कपातीच्या यादीत त्या येत नाहीत, म्हणून नोटिशीतही येत नाहीत.

त्यामुळे कोणी माग बदलणार असे कळले की आम्ही जुन्या मागांच्या नंबरांची यादी मागतो आणि त्याच कागदाखाली कांडी भरणाऱ्यांची नावे लिहून घेतो. कापड तपासण्याच्या टेबलावर आणि कोन लावण्याच्या कामावर पहिली भरती ह्या नावांतून व्हावी, असे कलम करारात घालावे ही आमची मागणी असते. ही कामे शिकायला फार दिवस लागत नाहीत. ज्या बोटांनी वर्षानुवर्षे कांडी भरताना सुतातली गाठ ओळखली त्यांना तर नाहीच. काही शेडमध्ये हे कलम मिळाले आहे, आणि काही ठिकाणी बोलणी चालू आहेत.