हार्ड डिस्क बदलताना : खेळ परत मिळतो, नोंद मिळत नाही

दूरचित्रवाणी संचाला जोडलेला गेम कन्सोल हे वरकरणी मुलांच्या करमणुकीचे साधन वाटते. परंतु आतून तो एक परिपूर्ण संगणकच असतो. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते आणि सर्व माहिती साठवणारी हार्ड डिस्कही असते. कालांतराने ही डिस्क अपुरी पडू लागते आणि अधिक क्षमतेची डिस्क बसवण्याचा विचार घरात सुरू होतो. हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मात्र डिस्क बदलताना नेमके काय हलवायचे आहे, याचा आधी विचार झाला नाही, तर अनेक वर्षांचा संचय क्षणार्धात नाहीसा होऊ शकतो.

उदाहरणादाखल सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल घेता येईल. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या या कन्सोलच्या मूळ आवृत्तीत ५०० गीगाबाइट क्षमतेची डिस्क होती. यंत्रणेसाठी राखलेली जागा वगळता वापरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ४०० गीगाबाइटच येत. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या एकाच गेमला सुमारे १०० गीगाबाइट जागा लागते. असे तीन-चार गेम घेतले की डिस्क भरली! म्हणूनच या कन्सोलमध्ये डिस्क बदलण्याची मुभा उत्पादकानेच ठेवलेली आहे.

डिस्कमध्ये असते तरी काय?

कन्सोलच्या डिस्कमध्ये स्थूलमानाने तीन प्रकारची माहिती असते. पहिली, यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. दुसरी, प्रत्यक्ष गेम. तिसरी, खेळणाऱ्याच्या प्रगतीची नोंद, जिला इंग्रजीत ‘सेव्ह डेटा’ म्हणतात. कोणता टप्पा पार झाला, काय मिळवले, काय उभारले, हे सर्व या नोंदीत असते.

या तिघांपैकी प्रणाली कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. गेम चकतीवरून पुन्हा उतरवता येतो किंवा खात्यातील खरेदीच्या यादीतून पुन्हा डाउनलोड करता येतो. नोंद मात्र खेळणाऱ्याने स्वतः घडवलेली असते. तिची अन्यत्र प्रत नसेल, तर ती पैसे मोजूनही मिळत नाही. गंमत अशी की, शंभर गीगाबाइटच्या गेमची नोंद बहुधा काही मेगाबाइटचीच असते. जागेच्या हिशेबात ती नगण्य आणि मोलाच्या हिशेबात सर्वश्रेष्ठ ठरते.

समजा, एका घरात भाऊ-बहीण एकाच कन्सोलवर खेळत आले आहेत. बहीण शिक्षणासाठी परगावी गेली. तिने चार वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत शेतीच्या एका खेळात लावलेली झाडे, बांधलेले गोठे, जोडलेली पडीक जमीन हे सारे तिच्या नावाच्या नोंदीत आहे. धाकट्या भावाला नव्या गेमसाठी जागा हवी आहे. त्याच्या लेखी डिस्क बदलणे म्हणजे जागा वाढवणे. बहिणीच्या लेखी तो तिच्या शेताचा प्रश्न आहे. आणि डिस्क बदलली जाईल त्या दिवशी ती घरी नसेल. लेखात पुढे दिलेली प्रत्येक खबरदारी या अनुपस्थित व्यक्तीच्या दृष्टीने वाचावी.

जुनी डिस्क संगणकाला जोडून का चालत नाही?

‘जुनी डिस्क काढावी, संगणकाला जोडावी आणि हवे ते उतरवून घ्यावे,’ असा सोपा विचार अनेकांच्या मनात येतो. तो येथे उपयोगी पडत नाही. डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली प्रत्येक कन्सोलगणिक वेगळी असते. त्यामुळे संगणकाला ती वाचता येत नाही. दुसऱ्या प्लेस्टेशनमध्ये बसवली तर ते यंत्र ती कोरी करून घेण्यास सांगते. तात्पर्य, प्रत काढण्याचे काम जुनी डिस्क मूळ यंत्रात असतानाच झाले पाहिजे.

प्रत काढण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग संपूर्ण बॅकअपचा. मार्च २०१५ मध्ये आलेल्या प्रणालीच्या २.५० या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध झाली. यूएसबीने जोडलेल्या बाह्य डिस्कवर कन्सोलची माहिती एकत्रितपणे उतरवली जाते. ही बाह्य डिस्क फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी लागते. बॅकअपमध्ये गेमही घ्यायचे की वगळायचे, हे ठरवता येते. वगळल्यास काम लवकर आटोपते, पण गेम पुन्हा उतरवावे लागतात. ज्यांच्या घरी इंटरनेटचा वेग कमी आहे, त्यांनी काही तास अधिक देऊन गेमही बॅकअपमध्ये घेणे श्रेयस्कर.

दुसरा मार्ग सुट्या नोंदींचा. सेटिंग्जमधील सेव्ह डेटा व्यवस्थापनाच्या भागातून प्रत्येक गेमची नोंद साध्या पेनड्राइव्हवर उतरवता येते. ज्या वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश केला असेल, त्याच्याच नोंदी तेथे दिसतात. म्हणून हे काम घरातील प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्रपणे करावे लागते. वरील उदाहरणातील भावाने केवळ स्वतःच्या नावाने प्रवेश केला, तर बहिणीचे शेत मागेच राहील.

तिसरा मार्ग कंपनीच्या दूरस्थ साठवणीचा. प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सेवेच्या सदस्यांना ही सोय मिळते. नोंद घराबाहेर सुरक्षित राहते, हा तिचा मोठा लाभ होय.

शक्य असल्यास यांपैकी दोन मार्ग तरी अवलंबावेत. एका प्रतीवर विसंबणे म्हणजे ती प्रत कधीच बिघडणार नाही असे गृहीत धरणे.

दोन गोष्टी सहसा नजरेआड होतात. संपादन केलेल्या ट्रॉफी बॅकअपमध्ये समाविष्ट होत नाहीत. त्या आधी प्लेस्टेशन नेटवर्कवरील खात्याशी जुळवून घ्याव्यात. तसेच ज्या वापरकर्त्याचे नाव अशा खात्याशी जोडलेले नाही, त्याच्या नोंदी बॅकअपमधून केवळ मूळ कन्सोलवरच परत आणता येतात. त्याच यंत्रात नवी डिस्क बसवायची असेल, तर यामुळे अडचण येत नाही. पुढे यंत्रच बदलायचे झाल्यास मात्र येते. म्हणून घरातील प्रत्येकाचे नाव आधीच खात्याशी जोडून ठेवणे हिताचे.

डिस्कची निवड

नवी डिस्क २.५ इंची, सीरियल एटीए जोडणीची, किमान १६० गीगाबाइट क्षमतेची आणि ९.५ मिलिमीटरपेक्षा अधिक जाडी नसलेली असावी. अधिक क्षमतेच्या काही डिस्क १५ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या आत बसतच नाहीत. खरेदीपूर्वी क्षमतेइतकीच जाडीही तपासावी.

प्रत्यक्ष कृती

प्रथम कन्सोलची प्रणाली अद्ययावत करावी, ट्रॉफी जुळवाव्यात आणि बॅकअप घ्यावा. नंतर संगणकाच्या साहाय्याने पेनड्राइव्हवर प्रणालीची फाइल उतरवावी. पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचा फोल्डर व त्याच्या आत अपडेट नावाचा फोल्डर करून फाइल तेथे ठेवावी. ही नावे मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत. येथे एक चूक वारंवार घडते. संकेतस्थळावर नेहमीच्या अद्ययावतीकरणाची लहान फाइल आणि नव्याने प्रणाली बसवण्याची सुमारे एक गीगाबाइटची मोठी फाइल अशा दोन फाइली असतात. कोऱ्या डिस्कसाठी मोठीच फाइल लागते.

यानंतर कन्सोल पूर्णपणे बंद करून सर्व तारा काढाव्यात. मूळ आवृत्तीत वरचे चकचकीत आवरण सरकवले की डिस्कची जागा दिसते. स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांत मागील बाजूस लहान झाकण असते. एक स्क्रू काढल्यावर डिस्कची चौकट बाहेर येते. चौकटीचे चार स्क्रू काढून नवी डिस्क त्याच दिशेने बसवावी. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, अन्यथा स्क्रूची खाच झिजते.

तारा पुन्हा जोडल्यावर पेनड्राइव्ह लावावा. बंद असलेल्या कन्सोलचे बटण दाबून धरावे. पहिला आवाज लगेच येतो. सुमारे सात सेकंदांनी दुसरा आवाज आला की बटण सोडावे. कन्सोल सेफ मोडमध्ये सुरू होतो. कंट्रोलर यूएसबी तारेने जोडून प्रणाली नव्याने बसवण्याचा पर्याय निवडावा. ते पूर्ण झाल्यावर बाह्य डिस्क जोडून सेटिंग्जमधून बॅकअप परत आणावा.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. बॅकअप परत आणताना कन्सोलवर त्या क्षणी असलेली सर्व माहिती पुसली जाते. नवी डिस्क बसवल्यावर आठवडाभर खेळून मग सवडीने बॅकअप परत आणला, तर तो आठवडा गेलाच म्हणून समजावे. म्हणून बॅकअप आधी परत आणावा आणि खेळ मग सुरू करावा.

शिल्लक जुळवल्याखेरीज वही बंद नको

बँकांच्या शाखांतील हस्तलिखित खातेवह्या संगणकावर नेल्या गेल्या, तेव्हा जुन्या वहीतील आणि नव्या यंत्रणेतील शिल्लक जुळवून पाहणे हा त्या कामाचा अविभाज्य भाग होता. तोच नियम येथे लागू पडतो. ‘बॅकअप पूर्ण झाला’ हा पडद्यावरील संदेश म्हणजे जुळवणी नव्हे. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश करावा, प्रत्येक महत्त्वाचा गेम उघडावा आणि शेवटची नोंद अपेक्षित ठिकाणीच आहे ना, हे पाहावे.

तोपर्यंत जुनी डिस्क पुसू नये, विकू नये किंवा अन्य कामासाठी वापरू नये. काही बिनसल्यास, प्रणालीची आवृत्ती तीच असताना, ती मूळ कन्सोलमध्ये बसवून पुन्हा प्रयत्न करता येतो. जागा मोकळी करण्याच्या भरात न खेळणाऱ्या सदस्याचे नाव कन्सोलवरून काढूनही टाकू नये. नावाबरोबर त्याच्या सर्व नोंदी पुसल्या जातात.

बाह्य डिस्कविषयी एक गैरसमज

मार्च २०१७ मधील ४.५० या आवृत्तीपासून यूएसबी ३.० जोडणीच्या बाह्य डिस्कवर थेट गेम ठेवण्याची सोय झाली. केवळ जागाच हवी असेल, तर हा मार्ग अधिक सोपा आहे. परंतु तेथे केवळ गेम जातात. नोंदी कन्सोलच्या अंतर्गत डिस्कवरच राहतात. प्लेस्टेशन ५ मध्ये सप्टेंबर २०२१ पासून एम.२ प्रकारची अतिरिक्त साठवण बसवता येते. तेथेही नोंदींचे स्थान कन्सोलची मूळ साठवण हेच आहे. अर्थात, गेम दुसरीकडे हलवले म्हणजे नोंदींची प्रत निघाली, असे मानणे धोक्याचे ठरते.

सारांश, नवी डिस्क बसवण्यास अर्धा तास पुरतो; बॅकअप आणि जुळवणीला मात्र सुटीचा एखादा दिवस राखून ठेवावा. आणि काम सुरू करण्यापूर्वी परगावी असलेल्या बहिणीला एक दूरध्वनी अवश्य करावा. तिच्या कोणत्या नोंदी जपायच्या आहेत, हे तिच्याइतके अचूक कोणालाच सांगता येणार नाही.