अशक्त करडू : आधी ऊब, मग चीक

उस्मानाबादी जातीच्या शेळ्यांस जुळी करडे होणे ही नवलाची गोष्ट नाही. तिळीही अधूनमधून होतात. अशा वेतात एक करडू टणक निघते, पडल्याबरोबर धडपडत उठते व सड शोधू लागते. दुसरे मात्र ओलेच पडून राहते. शेळी पहिल्या करडास चाटण्यात गुंतलेली असते आणि पहाटे मालक वाड्यात येतो तेव्हा हे दुसरे करडू मान टाकून थंडगार पडलेले आढळते. ‘हे काही जगत नाही’ असे म्हणून ते बाजूस ठेवले जाते, किंवा दया येऊन कोणी त्याच्या तोंडात दुधाची धार सोडतो. दोन्ही रीतींनी करडू हातचे जाते. वास्तविक अशा करडांपैकी पुष्कळशी वाचविता येण्यासारखी असतात. दोन-चार शेळ्यांवर मीठमिरची चालविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने एक करडू म्हणजे पुढे विकावयाचा एक बोकड किंवा कळपात वाढणारी एक पाठ होय. म्हणून ते बाजूस ठेवण्यापूर्वी दोन-तीन तास त्याच्यासाठी खर्च करणे केव्हाही परवडते.

करडू जन्मते तेव्हा त्याचे वजन साधारणपणे दोन-अडीच किलो असते. जुळ्या-तिळ्यांत ते याहून कमी भरते. आईच्या पोटातील उबेतून ते एकदम उघड्या हवेत येते आणि तेही ओल्या अंगाने. शरीर लहान असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. ही झीज भरून काढण्यासाठी निसर्गाने त्याच्या शरीरात, विशेषतः मूत्रपिंडांच्या भोवती, एका विशिष्ट चरबीचा थोडासा साठा ठेवलेला असतो. हा साठा काही तासच पुरतो. तेवढ्या अवधीत पोटात चीक गेला नाही, तर शरीरात जाळावयास काही उरत नाही व अंग गार पडू लागते. गारठलेले करडू चोखत नाही आणि चोखले नाही म्हणून आणखी गारठते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. अंग फार गार झाले म्हणजे गिळण्याची क्रिया मंदावते व आतड्यांची हालचालही थांबत येते. अशा स्थितीत तोंडात ओतलेले दूध पोटात न जाता श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. जे पोटात जाते तेही पचत नाही. दुधाची धार सोडून वाचवू पाहिलेले करडू दुसऱ्या दिवशी घरघर लागून मरते, याचे कारण हेच होय.

अंग किती गार आहे ते पाहावे

प्रथम करडाच्या नाका-तोंडातील चिकटा बोटाने व फडक्याने काढावा. श्वास मंद असल्यास डोके क्षणभर खाली धरावे व नाकपुडीत गवताची काडी हळूच फिरवावी. शिंक आली की श्वास मोकळा होतो. मागील पाय धरून करडू गरगर फिरविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, परंतु सराव नसलेल्या माणसाने ती न केलेली बरी. त्यानंतर कोरड्या गोणपाटाने अंग जोराने चोळून काढावे. चोळण्याने अंग कोरडे तर होतेच, शिवाय श्वासासही चालना मिळते.

मग स्वच्छ बोट करडाच्या तोंडात घालावे. तोंड उबदार असून जीभ बोटाभोवती वळत असेल, तर फारसे भय नाही. तोंड गार लागले, तर मात्र उष्णतामापकाने गुदद्वारातून तापमान पाहावे. निरोगी करडाचे तापमान 102 ते 103 अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ते 99 च्या वर, पण नेहमीपेक्षा कमी असेल, तर अंग कोरडे करून लगेच चीक पाजावा व करडास उबेत ठेवावे. 99 च्या खाली गेले असेल, तर आधी ऊब द्यावी व मगच चीक पाजावा. साधा उष्णतामापक प्रत्येक गावातील पशुसखीजवळ असावा. बोटाचा अंदाज थंडीत फसतो, कारण पाहणाऱ्याचे बोटही गारच असते.

या नियमास एक अपवाद आहे. करडास जन्मून पाच-सहा तासांहून अधिक काळ झाला असेल आणि त्याला मानही उचलता येत नसेल, तर त्याच्या रक्तातील साखर फारच उतरलेली असते. त्याला नुसती ऊब दिल्यास झटके येऊन ते मरण्याचा संभव असतो. अशा वेळी पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचे इंजेक्शन देऊन मगच शेक द्यावा लागतो. हे काम पशुवैद्यकाचे आहे. त्यांस बोलाविण्यात वेळ घालवू नये. पशुवैद्यकीय सेवेसाठी शासनाचा 1962 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

ऊब कशी द्यावी

घरात मिळणाऱ्या साधनांनी हे काम होते. खोल घमेल्यात कोपरास सोसेल इतके गरम, म्हणजे सुमारे 105 अंश फॅरनहाइट, पाणी घ्यावे. करडू प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मानेपर्यंत त्या पाण्यात धरावे. डोके सतत बाहेर राहिले पाहिजे. पिशवीमुळे अंग ओले होत नाही आणि आईस ओळख पटविणारा वासही धुतला जात नाही. पाणी निवू लागले की गरम पाण्याची भर घालावी, मात्र ती पिशवीपासून दूर ओतून ढवळावी. हे जमण्यासारखे नसेल, तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून करडाच्या दोन्ही बाजूंस ठेवाव्यात व वरून घोंगडीचा तुकडा टाकावा. चुलीजवळ ठेवावयाचे झाल्यास धूर तोंडावर येणार नाही व ठिणगी उडणार नाही इतके अंतर राखावे. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून करडाशेजारी झोपणे हे करडास आणि माणसासही घातक आहे.

दर अर्ध्या तासाने तापमान पाहावे. 99 च्या वर जाऊन करडू मान धरू लागले व बोट चोखू लागले, म्हणजे ते पाजण्यायोग्य झाले. 102 च्या सुमारास शेक थांबवावा. अतिशय शेक देऊन धापा टाकावयास लावणे हीही चूकच होय. थंडी घालविण्यासाठी दारूचे थेंब पाजण्याचा सल्ला कोणी देतात. त्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावून उलट अधिक उष्णता निघून जाते.

चीक

शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. करडू या बाबतीत रिकाम्या हातांनीच जन्मते. ही द्रव्ये त्याला चिकातून मिळतात आणि त्याच्या आतड्यांतून ती रक्तात शिरण्याची वाटही थोडाच वेळ उघडी असते. पहिल्या काही तासांत ती चांगली उघडी असते, बारा तासांनंतर बरीच मिटते आणि एक दिवस उलटल्यावर जवळजवळ बंद होते. वार पडल्याखेरीज करडास पाजू नये, असा समज काही ठिकाणी आहे. वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात. तोवर थांबणे म्हणजे सर्वांत मोलाचा काळ हातचा घालविणे होय. शिवाय करडाने चोखल्यानेच गर्भाशय आकुंचन पावून वार पडण्यास मदत होते. तेव्हा हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

पाजण्यापूर्वी कास कोमट पाण्याने पुसावी व प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा बाहेर काढाव्यात. सडाच्या तोंडाशी घट्ट चिकाची गुठळी बसलेली असते; सशक्त करडू ती ओढून काढते, अशक्तास ते जमत नाही. मग शेळीस भिंतीशी धरून करडाचे तोंड सडास लावावे. चोखण्याचे बळ नसल्यास चीक स्वच्छ भांड्यात काढून बाटलीने पाजावा. करडू पोटावर बसलेले असावे आणि मान किंचित वर असावी. मान मागे वाकवून पाजू नये. ठसका लागताच थांबावे. जे करडू गिळतच नाही, त्यास रबरी नळीने पोटात चीक सोडता येतो. पण नळी चुकून श्वासनलिकेत गेल्यास करडू गुदमरते, म्हणून ही क्रिया पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा हाताखाली शिकून घेतल्याशिवाय कोणी करू नये.

प्रमाण वजनावर ठरते. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या बारा तासांत निदान 200 मिलिलिटर चीक गेला पाहिजे. अशक्त करडास तो एकदम न देता दर दोन-तीन तासांनी 40 ते 50 मिलिलिटर असा द्यावा. रात्रीच्या पाळ्याही चुकवू नयेत. आईला चीक नसेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा किंवा गाईचा चीक चालतो. तो गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावा, विस्तवावर तापवू नये. आचेवर चिकाचा खरवस बनतो तो त्यातील ज्या प्रथिनांमुळे, त्यांतच ही रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. तापून थिजलेला चीक मुलांनी खावा. करडास त्याचा तो उपयोग उरत नाही. गुळाचे कोमट पाणी हिरड्यांस चोळल्याने शुद्धीवर असलेल्या करडास थोडी तरतरी येते, परंतु ते चिकाच्या जागी धरू नये.

नाळेच्या टोकास टिंक्चर आयोडीन लावण्याचे या धांदलीत राहून जाते. ते आठवणीने करावे.

पुढील दोन-तीन दिवस

करडू उभे राहू लागताच आईजवळ न्यावे. शेळी जवळ घेत नसल्यास दोघांस लहानशा आडोशात एकत्र ठेवावे व पाजतेवेळी शेळीस धरावे. बहुतेक शेळ्या एक-दोन दिवसांत वळतात. सशक्त भाऊबंद आडवे येत असेल, तर त्याला तेवढा वेळ डालग्याखाली झाकावे. पोट भरलेले करडू उठताच अंग ताणते व निवांत झोपते. उपाशी करडू पाठीस पोक काढून उभे राहते, सारखे ओरडते आणि पुढे ओरडण्याचेही थांबते. हे गप्प झालेले करडू शांत झाले असे समजू नये. त्याच्या तोंडात पुन्हा बोट घालून पाहावे. पहिली काळी, चिकट विष्ठा दिवसभरात पडली पाहिजे. काटा असल्यास रोज वजन करावे. ते वाढत नसेल, तर आईचे दूध पुरत नाही असे धरून वरचे दूध सुरू करावे.

एखादे करडू अशक्त निघणे हे जुळ्या-तिळ्यांत चालावयाचेच. मात्र गर्भाची बहुतेक वाढ गाभणकाळाच्या शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होत असल्याने, त्या काळात शेळी उपाशी राहिली तर सबंध वेतच दुबळे निघते. गाभण शेळी साधारण पाच महिन्यांनी विते, हे ध्यानात घेऊन चौथ्या महिन्यापासून तिला हिरव्या पाल्याबरोबर थोडा भरडा द्यावा. कळपातील अनेक शेळ्या गाभडत असतील किंवा एकामागून एक मेलेली वा अशक्त करडे टाकीत असतील, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. हा रोग माणसासही होतो. अशा वेळी वार व मेलेले करडू उघड्या हातांनी उचलू नये आणि कुत्र्यांपुढेही टाकू नये. चुना घालून खोल पुरावे. शेळ्यांच्या रक्ताची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्यावी व तोवर त्या कळपाचे दूध उकळल्यावाचून घरात वापरू नये.