दोन बॅगांत अलास्का

भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या अनेक विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशाला २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. म्हणजे आईवडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला एकूण १८४ किलो सामानाची मुभा मिळते. आणि हे कुटुंब पुढचे सात दिवस ज्या क्रूझ जहाजावर राहणार असते, तिथली साधी खोली जेमतेम १५ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १६० चौरस फुटांची असते. त्या खोलीत दोन पलंग खाली असतात आणि दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणारे असतात, कपाट एकच असते, स्वच्छतागृहात एका वेळी एकालाच धड उभे राहता येते आणि रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्या लागतात. थंड हवेच्या जलप्रवासात सामान कमी का असावे, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांतच आहे, कारण विमान कंपनीने दिलेली मुभा ही वरची मर्यादा असते, गाठायचे उद्दिष्ट नव्हे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यातील कुटुंबांना थंड देश अगदीच अनोळखी राहिलेले नाहीत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर इथली माळराने कारखान्यांनी भरत गेली, पुढे १९९४ साली मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली, २००९ साली ती चाकणला गेली आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखानाही सुरू झाला. परदेशी कंपन्यांबरोबर इथल्या अभियंत्यांचे जर्मनीला प्रशिक्षणासाठी जाणेही सुरू झाले, आणि निगडी, प्राधिकरण, वाकडकडच्या कित्येक घरांत माळ्यावर एखादे जाड जर्मन जाकीट आजही पडून असते. मात्र कंपनीच्या कामासाठी एकट्याने जाणे वेगळे आणि आजी-आजोबा किंवा मुलांना घेऊन अलास्का अथवा नॉर्वेची सहल करणे वेगळे. अशा सहलीत ते माळ्यावरचे जाकीट उपयोगी पडेलच असे नाही. बहुधा ते बॅगेची निम्मी जागा अडवून बसते आणि एकदाच अंगात चढते.

ही थंडी नेमकी कशी असते ते आधी समजून घ्यावे लागते. अलास्काच्या क्रूझचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असा असतो, आणि सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे जूनो, स्कॅगवे, केचिकन अशा बंदरांना लागतात. जूनोत जुलैमध्ये दिवसाचे कमाल तापमान १७-१८ अंश सेल्सिअस आणि रात्रीचे किमान १० अंशांच्या आसपास असते. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात गेल्यास ते अनुक्रमे १४ आणि ५ अंशांपर्यंत उतरते. दहा अंशांची पहाट पुणे परिसरातील माणसाला जानेवारीत दरवर्षी भेटतेच आणि ती स्वेटर व कानटोपीवर निभावते. फरक पडतो तो पावसाने आणि वाऱ्याने. केचिकनला वर्षभरात साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुणे शहराच्या जवळजवळ पाचपट पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने पडत राहतो. वाऱ्याचा हिशेब तर जहाजावर आणखी वेगळा होतो, कारण हवा स्थिर असली तरी जहाजाच्या स्वतःच्या गतीमुळे डेकवर वारा लागतोच. जहाज २० नॉट वेगाने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चालले असेल तर १० अंशांची हवा उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांची आणि ५ अंशांची हवा जवळजवळ शून्याची वाटते. हवेचे तापमान तेच राहते, पण शरीराभोवतीची ऊबदार हवा वारा सतत उडवून नेतो, म्हणून ही घट जाणवते.

या सहलीत सामना थंडीपेक्षा ओलाव्याशी आणि वाऱ्याशी अधिक असतो, हे एकदा पटले की बॅगेतले अर्धे कपडे आपोआप बाहेर पडतात. जाड लोकरी ओव्हरकोट पाऊस अडवत नाही आणि सुती कपडा तर भिजल्यावर उलट शरीराची ऊब खेचून घेतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने अधिक उष्णता वाहून नेते. घराघरांत प्रवासाचा पहिला कपडा म्हणून जीन्स ठेवली जाते, पण ती थंड पावसात जितकी गैरसोयीची ठरते तितकी क्वचितच दुसरी वस्तू ठरत असेल. एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, भिजली की त्याहून जड होते आणि खोलीत टांगून दोन दिवस झाले तरी तिच्या शिवणी ओल्याच राहतात.

यावर थंड प्रदेशातले लोक वापरतात ती थरांची पद्धत सोपी आहे. अंगालगतचा पहिला थर घाम टिपून बाहेर सोडणारा असतो. त्याला बाजारात थर्मल म्हणतात आणि तो पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा असावा. दुसरा थर ऊब धरून ठेवतो. त्यासाठी फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांना लव आणून केलेले मऊ, हलके कापड सर्वांत सोयीचे, कारण त्याच्या लवेत हवा अडकते आणि ही अडकलेली हवाच खरी ऊब देते. तिसरा थर वारा आणि पाऊस अडवणारे पातळ, टोपीवाले जाकीट हा होय. चाकणच्या पाळीला दुचाकीने जाणाऱ्या कामगाराकडे हा तिसरा थर विंडचीटर किंवा रेनकोटच्या रूपाने असतोच, पण साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात बाहेरचे पाणी अडते तसा आतला घामही अडकतो आणि चालणारा माणूस आतूनच भिजतो. १९६९ साली अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून असा पापुद्रा तयार केला की, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, मात्र घामाची वाफ बाहेर जाते. आजची चांगली रेन जाकिटे याच तत्त्वावर बनतात. ज्याला विकत घ्यायचे असेल त्याने पैसे या एका थरावर खर्च करावेत, बाकीचे दोन स्वस्तातले चालतात. छत्री मात्र घरीच ठेवावी, डेकवरच्या वाऱ्यात ती उलटी होते.

ओलाव्यातही ऊब धरून ठेवण्याचा लोकरीचा गुण मराठी माणसाला नवा नाही. शेजारच्या मावळात भातलावणीच्या भर पावसात शेतकरी घोंगडीखाली काम करत आला आहे, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ती घोंगडी जहाजावर कोणी नेणार नाही हे उघड आहे, कारण तिचे वजनच फार असते. पण तिच्यामागचे तत्त्व आणि महागड्या थर्मलमागचे तत्त्व एकच आहे.

थरांच्या पद्धतीमुळे वजन वाचते ते पुनरावृत्तीमुळे. बाहेरचे दोन थर सातही दिवस तेच राहतात, बदलावे लागतात ते फक्त अंगालगतचे कपडे. त्यामुळे मोठ्या माणसाला दोन थर्मल, चार-पाच लवकर सुकणारे शर्ट किंवा कुर्ते, दोन सिंथेटिक पँट, एक फ्लीस, एक रेन जाकीट, कानटोपी, पातळ हातमोजे आणि लोकरीचे तीन-चार जोड मोजे एवढ्यावर दहा-बारा दिवस निभावतात. बूट दोनच असावेत आणि त्यांतला जड, ओल न घेणारा जोड प्रवासात पायांत घालावा. चौघांचे असे सामान मध्यम आकाराच्या दोन बॅगांत आणि प्रत्येकाच्या पाठीवरच्या सॅकेत मावते. हवा काढून घेण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या आकार घटवतात, वजन नव्हे, आणि परतीच्या वेळी हवा ओढणारे यंत्र हाताशी नसल्याने तेच कपडे बॅगेत मावेनासे होतात.

या पट्ट्यातील कारखान्यांत ज्या जपानी शिस्तीचे फलक भिंतीवर लावलेले दिसतात, त्या ‘फाइव्ह एस’मधली पहिली पायरी ‘सेइरी’ ही आहे: कामाच्या जागेवर लागणारे आणि न लागणारे वेगळे करायचे आणि शंका असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचे. वर्षानुवर्षे ही शिस्त कारखान्यात पाळणारे गृहस्थ घरी बॅग भरायची वेळ आली की बाजूला होतात आणि ते काम गृहिणीवर पडते. ‘असू दे, लागलं तर’ या भीतीचा भार मग तिच्यावरच येतो, आणि परतल्यावर न वापरलेले कपडे धुऊन, घडी करून ठेवणेही तिच्याच वाट्याला जाते. लाल चिठ्ठीची पद्धत घरात चालवायला काहीच हरकत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे सामान दिवाणावर मांडावे, ज्या वस्तूचा वापराचा दिवस सांगता येत नाही ती बाजूला काढावी आणि मुलांनीही आपापले कपडे स्वतः निवडून मांडावेत.

कपडे कमी म्हणजे धुणे आले. काही जहाजांवर पैसे टाकून चालवायची धुलाई यंत्रे असतात, काहींवर फक्त पिशवीच्या दराने कपडे धुऊन मिळतात, म्हणून आरक्षणाच्या वेळीच हे विचारून घ्यावे. खोलीतल्या बेसिनमध्ये रात्री धुतलेला पॉलिएस्टरचा शर्ट जहाजाच्या कोरड्या वातानुकूलित हवेत सकाळपर्यंत सुकतो. बऱ्याच खोल्यांच्या स्वच्छतागृहात ओढून काढायची दोरी असते. शिवाय भिंती पोलादाच्या असल्यामुळे लोहचुंबकाचे चार-पाच हुक नेले तर ओली जाकिटे आणि टोप्या भिंतीवरच टांगता येतात. चार माणसांच्या खोलीत इतक्या कमी वजनाची इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

मराठी बॅगेतला दुसरा जड भाग खाण्याचा आणि तो शिजवण्याच्या साधनांचा असतो. विजेची किटली, छोटा राइस कुकर, इस्त्री या वस्तू आगीच्या धोक्यामुळे बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर चालू देत नाहीत. तपासणीत सापडल्यास त्या काढून ठेवतात आणि उतरताना परत करतात, म्हणजे त्यांचे ओझे फक्त वाहिले जाते. घरी केलेले पदार्थही अनेक कंपन्या नाकारतात, कारखान्यात सीलबंद केलेले कोरडे पदार्थ मात्र साधारणपणे चालतात. अमेरिकेत उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी, आणि ताजी फळे, बियाणे, मांसाचे व दुधाचे पदार्थ नेऊच नयेत. जहाजावर शाकाहारी जेवण आधी कळवल्यास मिळते, तेव्हा चिवड्याची आणि चटणीची दोन-दोन पाकिटे पुरेत.

सात रात्रींच्या सफरीत एक-दोन संध्याकाळी ठेवणीतल्या पोशाखाच्या असतात, परंतु त्या सक्तीच्या नसतात. त्यासाठी सूट-बूट वाहून नेण्यापेक्षा पुरुषांनी एक गडद शर्ट आणि स्त्रियांनी एक हलकी रेशमी किंवा जॉर्जेटची साडी न्यावी. पैठणी घरीच बरी.

कागदपत्रांना वजन नसते, पण तीच सर्वांत महत्त्वाची असतात. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतायचे असेल, तर मध्ये एका परदेशी बंदरावर थांबावे लागते. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे बहुधा कॅनडातील व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, आणि भारतीय पारपत्रधारकांनी अमेरिकेच्या बहुप्रवेशी व्हिसाबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही चौकशी वेळेत करावी.

सामानाची वाटणी कशी करावी हे या भागाला वारीने कधीच शिकवून ठेवले आहे. देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करणाऱ्या तुकोबांच्या पालखीत दिंडीचे धान्य, भांडी, अंथरूण ट्रकमधून पुढे जाते आणि वारकऱ्याच्या खांद्यावर दिवसभर लागेल एवढीच पिशवी राहते. जहाजावरही तसेच घडते: धक्क्यावर चिठ्ठी लावून दिलेल्या बॅगा खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, म्हणून तोपर्यंत लागणारे जाकीट, मुलांचा एक जोड, चष्मा आणि औषधे पाठीवरच्या सॅकेत असावीत. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत, तर पॉवर बँक विमानातही हातातल्या बॅगेतच न्यावी, कारण ती मोठ्या बॅगेत ठेवायला बंदी आहे.

आणखी एक अडचण घराच्या दारातच उभी असते. पिंपरी-चिंचवडहून मुंबई विमानतळावर जाण्यासाठी मिळणाऱ्या टॅक्सीपैकी बऱ्याच गाड्या सीएनजीच्या असतात आणि त्यांच्या डिकीतली निम्मी जागा गॅसच्या टाकीने अडवलेली असते. तिथे मध्यम दोन बॅगा बसतात, मोठ्या चार बसत नाहीत आणि दुसरी गाडी करावी लागते. परतीच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवावे की, शेवटच्या रात्री बॅगा ठरलेल्या वेळेपर्यंत खोलीबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या दुसऱ्या दिवशी थेट धक्क्यावरच मिळतात. तेव्हा सकाळचे कपडे, बूट आणि पारपत्रे त्या रात्री बॅगेत जाऊ देऊ नयेत.