कॉफी बिनसाखरेची, मग साखर वाढली कशाने?

हेदवीला आमच्या मामूंच्या स्वयंपाकघरात सध्या एक चकचकीत मशीन आहे. बावीस वर्षे दोह्याला एका हॉटेलच्या कॉफी काउंटरवर काढून ते कायमचे घरी आले, तेव्हा सामानातून हे एस्प्रेसो मशीनही आले. फजरनंतर एक मग, असरनंतर दुसरा, आणि रात्री पाहुण्यांच्या निमित्ताने तिसरा. हात असा सराईत की दुधाच्या फेसावर पान उमटवून देतात.

या पावसाळ्यात त्यांचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.८ वरून ७.९ वर गेली होती. डॉक्टरांनी गोडाचे विचारले. मामू म्हणाले, "गोड सोडाच, मी कॉफीतसुद्धा साखर घालत नाही." ते खरेच होते. म्हणून मग मी वही घेऊन मशीनशेजारी बसले.

नुसत्या एस्प्रेसोत मोजण्यासारखे फारसे काही नसते. ३० मिलिलिटरच्या घोटात दोन-तीन कॅलरी, बस्स. येमेनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून कहवा पीत. बाबा बुदान यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या असे परंपरा सांगते. तो कहवा दुधाविना होता. त्याच येमेनच्या मोखा बंदराचे नाव आज चॉकलेट आणि दूध घातलेल्या कॉफीला आहे!

खरा गोंधळ दुधाचा. कॅपुचिनो किंवा लाटे हे नाव पेयाचे आहे, मापाचे नाही. एका दुकानातला 'मध्यम' कप दुसऱ्या दुकानात 'मोठा' असतो. त्यात वाफेने दूध फुगते, त्यामुळे भरलेला कप पाहून अंदाज करता येत नाही. दूध थंड असतानाच मोजले पाहिजे. आम्ही मोजले, तर एका मगात २४० मिली निघाले. तीन मगांचे ७२० मिली, जवळजवळ पाऊण लिटर!

आणि दूध कोणते? पिशवीवर निदान छापलेले असते. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, १०० मिलीला साधारण ६० कॅलरी. फुल क्रीममध्ये ६ टक्के. मामूंकडे म्हशीच्या दुधाचा रतीब आहे. त्या लोट्यावर कुठले लेबल? म्हशीच्या दुधात १०० मिलीला शंभरावर कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला साडेसातशेच्या आसपास फक्त कॉफीतून. शिवाय कुठल्याही दुधात १०० मिलीला सुमारे ५ ग्रॅम साखर निसर्गतःच असते. ती पांढऱ्या साखरेपेक्षा सावकाश चढते, पण मधुमेह्याला हिशेबात धरावीच लागते. तिन्ही मगांची मिळून ३६ ग्रॅम झाली. एका मध्यम तांदळाच्या भाकरीइतकी कर्बोदके. मामूंनी दुपारची एक भाकरी कमी केली होती, ती इथून परत आली होती.

मग मामी हळूच म्हणाल्या, "आणि ती बाटली?" व्हॅनिलाचे सिरप. मामूंच्या मते तो नुसता वास. बाटलीवरचे घटक उतरत्या वजनाच्या क्रमाने लिहायचे असतात, आणि पहिलाच शब्द साखर होता. दुकानातही हीच फसगत होते. "साखर नको" म्हटले तरी सिरप पडतेच. ते वेगळे सांगावे लागते.

मोठ्या दुकानांत आकडा पाहायला मिळतो. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर कॅलरी दाखवणे बंधनकारक आहे. सौदी अरेबियात हे २०१९ पासूनच आहे, तिकडे असलेल्यांना फलक आठवत असतील. पण तो आकडा दुकानाच्या ठरलेल्या कृतीचा. दूध बदलले, सिरप वाढवले, वर मलई घेतली की तो आपल्या कपाचा राहत नाही. चिपळूणच्या एकट्या कॅफेला तर हा नियम लागूच नाही.

कॅफीनचेही पाहून ठेवा. एका शॉटमध्ये साधारण ६० मिलिग्रॅम. मामूंचा शॉट दुहेरी, म्हणजे दिवसाला ३६० च्या घरात, चहा वेगळाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० दिली आहे. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात आहे, कारण अन्नातले लोह अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या आपल्या मुलीबाळींसाठी हे मला साखरेइतकेच महत्त्वाचे वाटते. गरोदर बाईने तर दिवसाला २०० च्या आत राहावे.

डॉक्टरांना वही दाखवली. दूध सोडायला त्यांनी सांगितले नाही, मापात घ्या म्हणाले. आता मामूंचा कप १५० मिलीचा आहे. दूध टोन्ड, मामीच्या औषधाच्या मापाने मोजलेले, शॉट एकच, आणि कॉफी दिवसातून दोनदाच. फेसावर पान नीट उमटत नाही, ही त्यांची तक्रार आहे. व्हॅनिलाची बाटली फळीवरच आहे, पाहुण्यांसाठी. पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी.