पेलेटची शेगडी रुसते तेव्हा

परदेशी मुलांकडे हिवाळा घालविणाऱ्या आपल्या वाचकांना ‘पेलेट’ची शेगडी परिचित असेल. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या हे तिचे इंधन.

ज्योत मंदावली, काच काजळली, तर हवा अपुरी पडत आहे असे समजावे. शेगडी बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी. मग वीजजोडणी काढून ज्वलनपात्राची राखेने बुजलेली छिद्रे मोकळी करावीत. कांड्या खाली येतच नसतील, तर त्या पुढे सरकविणाऱ्या मळसूत्री दांड्यात भुसा अडकल्याचा संभव असतो. ओलाव्याने कांड्या फुगून त्यांचा भुगा होतो. त्या कोरड्या जागीच साठवाव्यात.

धूर घरात येऊ लागल्यास मात्र प्रयोग करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. सर्वांनी तत्काळ बाहेर पडून मदत मागवावी. या वायूची सूचना देणारे यंत्र घरात असणे अगत्याचे आहे.