बालीची श्वेत साळुंकी

साळुंकी ठाऊक नाही असा मनुष्य भारतात विरळाच. दिल्लीनजीकच्या मानेसर येथील कारखान्यांच्या आवारापासून कोकणातील माडांच्या वाड्यांपर्यंत तिचा वावर सर्वत्र आढळतो. भिंतीतील भोक, घराची वळचण, झाडाची ढोली, जे सापडेल तेथे ती घरटे करते. किडे, फळे, धान्य, उष्टे-खरकटे, जे मिळेल ते खाते. प्राणिशास्त्रात तिचा समावेश स्टर्निडी कुलात केला जातो. याच कुलातील दुसरा एक पक्षी मात्र जगातील अत्यंत दुर्मिळ पक्ष्यांत गणला जातो. तो म्हणजे इंडोनेशियातील बाली बेटावरील श्वेत साळुंकी होय. एकाच कुलातील या दोन पक्ष्यांच्या वाट्याला इतकी भिन्न स्थिती का यावी, याचा विचार उद्बोधक आहे.

पक्ष्याची ओळख

जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांना हा पक्षी १९११ मध्ये बालीच्या उत्तर भागात आढळला व १९१२ मध्ये त्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ त्याला ल्यूकोप्सार रॉथ्सचाइल्डी असे नाव देण्यात आले. ल्यूकोप्सार या प्रजातीत ही एकच जाती आहे. इंडोनेशियात त्यास जालक बाली म्हणतात.

हा पक्षी सुमारे २५ सेंटिमीटर लांब, म्हणजे आपल्या साळुंकीहून किंचित मोठा असतो. सर्वांग शुभ्र, केवळ पंखांची व शेपटीची टोके काळी. डोळ्यांभोवतीची उघडी त्वचा गडद निळी असते. डोक्यावर लांब, मागे झुकलेला तुरा असून मादीला आकर्षित करताना नर तो उभारतो व मान वरखाली हलवितो. घरट्यासाठी त्यास झाडाची ढोली लागते. ती त्यास स्वतः कोरता येत नाही. म्हणून सुतारपक्ष्यासारख्या पक्ष्यांनी कोरलेल्या जुन्या ढोलीचा तो आश्रय घेतो. मादी एका वेळी बहुधा दोन किंवा तीन अंडी घालते.

बेटाची मर्यादा

बाली हे बेट पुणे जिल्ह्याच्या एकतृतीयांशाहून थोडेसेच मोठे आहे. त्यातही हा पक्षी मुख्यतः वायव्येकडील कोरड्या जंगलापुरता मर्यादित होता. विस्तीर्ण प्रदेशात पसरलेल्या पक्ष्यावर एके ठिकाणी संकट आले, तर दुसऱ्या ठिकाणाहून त्याची भर निघते. बेटावरच्या पक्ष्यास अशी दुसरी जागाच नसते. जंगल तोडून शेते व वस्त्या झाल्या, तेव्हा या पक्ष्याचे मूळचेच लहान घर अधिक लहान झाले.

आपली साळुंकी नेमकी याच्या उलट आहे. अठराव्या शतकात टोळांच्या नाशासाठी तिला मॉरिशसमध्ये नेण्यात आले. पुढे ती ऑस्ट्रेलियात व हवाई बेटांतही पोहोचली. तेथे स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावण्याइतकी ती प्रबळ झाली. परिणामी जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचे नाव समाविष्ट झाले आहे.

सौंदर्याचे मोल

श्वेत साळुंकीचा खरा घात तिच्या रूपाने केला. जाव्यातील जुन्या परंपरेत घर, पत्नी, घोडा, कट्यार आणि पक्षी ही पुरुषाच्या संपन्नतेची पाच लक्षणे मानली जात. पिंजऱ्यातील पक्ष्यास तेथे अशी प्रतिष्ठा आहे. परदेशांतूनही मागणी आली आणि १९६० व १९७० च्या दशकांत शेकडो पक्षी पकडून बाहेर पाठविले गेले. शुभ्र रंगामुळे हा पक्षी दुरूनही दिसतो आणि रात्री थव्याने एकत्र बसतो. त्यामुळे त्यास पकडणे अवघड नाही.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. पक्षी जितका दुर्मिळ, तितकी त्याची किंमत अधिक. किंमत जितकी अधिक, तितके पारधी अधिक. आणि पारधी वाढले की पक्षी आणखी दुर्मिळ. इंडोनेशियाने १९७० मध्ये त्यास कायद्याचे संरक्षण दिले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टातही त्याचा समावेश आहे. तरीही चक्र थांबले नाही. १९९९ मध्ये पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानाच्या पैदास केंद्रावर शस्त्रधारी टोळीने धाड घातली व मुक्त करण्यासाठी वाढविलेल्या ३९ पक्ष्यांपैकी जवळजवळ सर्व पळवून नेले. २००१ मध्ये निसर्गात अवघे सहा पक्षी मोजले गेले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत १९९४ पासून ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे.

रक्षणाचे मार्ग

जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत हा पक्षी चांगला वाढतो, ही त्यातल्या त्यात सुदैवाची गोष्ट. १९८० च्या दशकात अमेरिका व ब्रिटन येथील संग्रहालयांनी आपले पक्षी पैदाशीसाठी सुराबाया येथे पाठविले. परंतु पिंजऱ्यात पक्षी वाढविणे हा अर्धाच उपाय होय. तो पिंजऱ्याबाहेर सुरक्षित राहील अशी व्यवस्था हा दुसरा अर्धा भाग.

त्या दृष्टीने दोन प्रयोग लक्षणीय आहेत. पहिला बालीच्या आग्नेयेस असलेल्या नुसा पेनिडा या लहान बेटावरचा. तेथे २००६ पासून पक्षी सोडण्यात आले. मात्र त्यापूर्वी गावोगावच्या लोकांशी बोलणी झाली व ‘आविग-आविग’ या परंपरागत ग्रामनियमांतच पक्षिरक्षणाचे कलम घालण्यात आले. सरकारी पहाऱ्यास जे साधले नाही, ते गावाच्या धाकाने पुष्कळसे साधले. दुसरा प्रयोग राष्ट्रीय उद्यानालगतच्या गावांतला. तेथील ग्रामस्थांना परवाना घेऊन पक्ष्यांची पैदास करू देण्यात आली. परवान्याचा पक्षी उघडपणे मिळू लागला की चोरीच्या पक्ष्याचे मोल घटते आणि उत्पन्न मिळविणारा ग्रामस्थ स्वतःच रक्षक बनतो. सोडलेले पक्षी थोड्याच पूर्वजांचे वंशज असल्याने त्यांच्यात आनुवंशिक विविधता कमी आहे, हा धोका मात्र शिल्लक राहतो.

भारताचा संबंध

दूरच्या बेटाची ही कथा आपल्यास परकी नाही. अंदमान व निकोबार द्वीपसमूहांतही त्या बेटांपुरतीच मर्यादित असलेली पांढऱ्या डोक्याची साळुंकी राहते. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपरोक्त करारातील परदेशी प्राणीही आपल्या कायद्याच्या कक्षेत आले आहेत. तथापि कायदा पारध्यास शिक्षा करू शकतो, गिऱ्हाइकाची हौस मोडू शकत नाही. बालीच्या पक्ष्याला पिंजऱ्यात घातले ते या हौसेने. त्याचे भवितव्यही ती आवरण्यावरच अवलंबून आहे.